ठिपक्यापासून शहाण्णव मीटर

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची! दोन ट्रंका, तिपाई, टेपचे डबे, ओळंबा आणि दादाने जाताजाता पिशवीत कोंबलेली ही वही. रोज चार ओळी तरी लिहीत जा, तू माणसांशी बोलत नाहीस, वहीशी तरी बोल, असं म्हणाला. तर वहीबाई, ऐका. सतरा वर्षं मी मोजणी खात्यात दुसऱ्याच्या टेपचं मागचं टोक धरलं. पुढचं टोक पहिल्यांदाच माझ्या हातात आलंय आणि मी रस्ताभर एकटीच हसत होते.

काम सोपं आहे. बंद पडलेल्या काचकारखान्याची मोजणी करून नकाशा काढायचा आणि इमारत वापरायला ठीक आहे असं लिहून सही करायची. मुख्य हॉलमध्ये, जिथे पूर्वी काचेला पॉलिश करायचे, तिथे लहान मुलांची शाळा भरणार आहे. साठ मुलं. साहेबांनी चार आठवडे दिलेत.

मला फाटकाजवळची खोली मिळाली. शेजारच्या खोलीत राखणदार मावशी राहतात. साठीच्या असतील, पाठ ताठ, चेहऱ्यावर हसू बेताचंच. माझं सामान बघून म्हणाल्या, मोजणीबाई, एवढ्या मोठ्या कारखान्याला तुम्ही एकट्याच? मी म्हटलं, एकटीच पुरते. त्यांनी चहा टाकला. चांगला होता. खिडकीत ऊन येतं. पलंग करकरतो, पण मी कुठे हलकी आहे!

४ फेब्रुवारी, मंगळवार

हॉल बघितला आणि जीव खूश झाला. छत्तीस मीटर लांब, अठरा रुंद, मध्ये एकही खांब नाही. काळ्या दगडाची फरशी, इतकी घोटलेली की वाकलं तर स्वतःचं तोंड दिसावं. अकरा वर्षं बंद असलेली जागा, पण धुळीचा कण नाही. मावशींना म्हटलं, तुमच्या झाडूला मानलं. त्या म्हणाल्या, मी इथे कधी झाडत नाही.

पूर्वेच्या भिंतीपासून पंधरा मीटरवर फरशीत मसुराएवढा काळा ठिपका आहे. नखाने खरवडला, निघत नाही. तोच मोजणीचा मूळबिंदू धरला. आयताच मिळाला.

मावशींची एकच अट आहे. बाराचा भोंगा व्हायच्या आत हॉलबाहेर यायचं. गावात अजून दुपारी बाराला भोंगा वाजतो. का ते त्यांनी सांगितलं नाही, पण पावणेबाराला दारात उभ्या राहिल्या, आणि मी बाहेर येईपर्यंत हलल्या नाहीत. असतात एकेकाची खुळं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल जेवायला जाताना खडूचा तुकडा आत राहिला. ठिपक्यापासून बरोब्बर एक मीटरवर रेघ मारून तिथेच ठेवला होता. परत आले तर दोन मीटरवर. मावशींचा संशय आला, पण जेवताना त्या माझ्यासमोरच ताटावर बसल्या होत्या. दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

सतरा वर्षांत माझी मोजणी चुकली असं साहेब चारचौघांत तीनदा म्हणालेत. तिन्ही वेळा चूक त्यांची निघाली. तेव्हा 'चुकून' हा शब्द मी माझ्यासाठी वापरत नाही. बाजारातून लोखंडी चकत्या आणल्या, नटाखाली घालतात त्या. पांढऱ्या रंगाने आकडे घातले. आज बाराच्या आधी पाच चकत्या वेगवेगळ्या जागी ठेवल्या. चार नंबर पूर्वेला तीन मीटरवर.

भोंग्यानंतर उघडलं. प्रत्येक चकती ठिपक्यापासून होती त्याच्या दुप्पट लांब, त्याच दिशेला. चार नंबर सहा मीटरवर.

काडेपेटीतली एक काडी मी ठिपक्यावरच ठेवली होती, गुल नेमकं त्याच्या माथ्यावर. ते गुल जागचं हललं नव्हतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

चार नंबरचा प्रवास: सहा, बारा. मग चोवीस, म्हणजे भिंतीपलीकडे अंगणात. भिंतीला भोक नाही, मी हाताने चाचपली. काल अठ्ठेचाळीस, फाटकाच्या आत तुळशीएवढ्या झुडपाखाली. आज शहाण्णव. रस्ता ओलांडून पाववाल्याच्या मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात. म्हणजे ही करामत हॉलची नाही. बाराला एकदा त्या फरशीवर सापडलं, की ती वस्तू जिथे असेल तिथून रोज बाराला ढकलली जाते.

शुक्रवारी सहा आणि सात नंबर एकमेकींना खेटून ठेवल्यात, मध्ये केसाचं अंतर. जुळ्या बहिणींसारख्या बरोबर चालल्यात.

भीती वाटते का? वाटते. पण भीती वाटते म्हणून टेप गुंडाळायचा, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस चार नंबर कुठेच नव्हती. पावाच्या दुकानापलीकडे, गटारात, छपरावर, सगळं धुंडाळलं. आज भोंग्यानंतर हॉल उघडला तर चार नंबर ठिपक्यावर. चकतीच्या भोकाच्या बरोब्बर मधोमध ठिपका. ज्या ठिपक्याने पळवून लावलं त्याच्यावरच ती परत आली, केसभरही इकडे-तिकडे नाही.

आणि त्या जुळ्या? कालपर्यंत बरोबर होत्या. आज सात नंबर पश्चिमेच्या खिडकीखाली आणि सहाचा पत्ताच नाही.

दादाला फोन केला. तो कॉलेजात गणित शिकवतो. सगळं सांगितलं, फक्त हे खरं घडतंय एवढं सोडून. त्याला भलताच उत्साह आला. म्हणाला, त्या ठिपक्याला अस्थिर स्थिरबिंदू म्हणतात. त्याच्यावर नेमकं बसलं तर जागचं हलत नाही, पण जरा बाजूला सरकलं की तो आणखी लांब लोटतो. टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखं. नुसतं एवढंच असतं तर सोपं होतं. पण लोटलेली वस्तू फिरून नेमकी त्याच बिंदूवर यायला लागली की त्या जागेतली शिस्त संपली असं समज. नियम कडकच राहतो, प्रत्येक पाऊल ठरलेलं असतं, पण केसाचा फरक रोज दुप्पट होत होत सगळा हिशेब गिळतो. दोन-चार पावलांपर्यंत सांगता येतं, पुढचं ब्रह्मदेवालाही नाही.

मग विचारलं, कुठलं कोडं सोडवतेयस? आणि जेवलीस का?

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल चारच्या मूळ जागी, तीन मीटरवर, केस न् केस मोजून, नऊ नंबर ठेवली. बघू तीही परत येते का.

आज मावशी आपणहून बोलल्या. मी अंगणात तेविसावी नोंद करत होते. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, माझ्या माणसाचंही असंच झालं.

त्यांचा नवरा इथे पॉलिश करायचा. उन्हाळ्यात दुपारची डुलकी त्या थंड फरशीवर काढायचा. उठला की सरकलेला असायचा. सोबतचे कामगार हसायचे, खडूने खुणा करायचे, पैजा लावायचे. तोही हसायचा. मग सुट्टीचा दिवस आला. दोघं बाजारात छत्री घ्यायला गेली. गर्दी म्हणून त्याने मावशींचा हात धरलेला. भोंगा वाजला.

"हातातला हात गेला हो," मावशी म्हणाल्या. "मूठ तशीच राहिली माझी. आणि लोक म्हणतात, पळाला. अकरा वर्षं म्हणतायत. मी रोज बारानंतर दार उघडून बघते. म्हणून तर राखणदारी घेतली."

मी त्यांना दादाचं गणित सांगितलं. इतक्या वर्षांनी तो कुठे असेल हे कुणालाच काढता येणार नाही, असंही सांगितलं. खोटं बोलवेना.

त्यांनी पदर खोचला. मग विचारलं, "म्हणजे कुठेही असेल?"

"कुठेही."

"मग इथे जवळही असेल."

मी तेविसावी नोंद पुरी केली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साहेब आले. सगळ्या नोंदी समोर ठेवल्या. म्हटलं, फक्त बारापर्यंत थांबा, डोळ्यांनी बघा. त्यांनी घड्याळ बघितलं, जेवायची वेळ झाली म्हणाले. चकत्या उंदरांनी नेल्या असतील. मी म्हटलं, उंदरांना अंतर दुप्पट करता येतं का? ते हसले आणि खांद्यावर थोपटलं. एकटीने काम केलं की बायकांना असे भास होतात म्हणे.

सही करणार नाही म्हणून तोंडावर सांगितलं. तीन मार्चला शाळा उघडणार. त्या मुलांची डबा खायची सुट्टी बाराची आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चूक माझी. लिहून टाकते.

हॉलमध्ये असताना साहेबांचा फोन आला. सही करा नाहीतर दुसऱ्याकडून करून घेतो म्हणाले. मी भांडत बसले, खूप भांडले, आणि घड्याळ विसरले. दारातून मावशींची किंकाळी आणि भोंगा एकदमच ऐकू आला. मी ठिपक्यापासून दोन बोटांवर उभी होते.

काही जाणवलं नाही. ना धक्का, ना वारा. चार बोटांवर उभी होते. साहेब पलीकडून हॅलो हॅलो करत होते. मावशी खाली बसून रडल्या. मी म्हटलं, रडू नका, दोन बोटंच तर सरकलेय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

खोलीत थांबले होते. मनात आलं, बघू तर, फरशीपासून लांब राहिलं तर सुटतं का. खोली ठिपक्यापासून एक्केचाळीस मीटर. भोंगा झाला आणि मी भर रस्त्यात. ट्रकचं तोंड समोर. ड्रायव्हरने ब्रेक मारला, शिव्या घातल्या, मग खाली उतरून विचारलं, बाई, तुम्ही आलात कुठून? टेप काढून नंतर मोजलं. ब्याऐंशी.

आकडा दोनदा तपासला. बरोबर आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रडून झालं, आता काम.

ठिपका नेमका त्याच्यावरच्याला हलवत नाही. मग मीच तिथे उभी राहते. चार नंबर उचलून खिशात टाकली. कमरेला ओळंबा बांधला, टोक ठिपक्यावर. भोंगा झाला. अर्धं बोट सरकले. बस्स. पाऊल परत ठेवलं की झालं. तळहातावर काठी उभी धरतात ना, काठी पडतच असते, पण हात तिला पडू देत नाही. तशी मी रोज बाराला स्वतःला उभी धरीन. फार तर जन्मभर.

ठिपक्याला म्हटलं, तू मसुराएवढा, मी पंचाहत्तर किलोची.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नऊ नंबर आज परत यायला हवी होती. आली नाही. केसाचा फरक राहिला असणार. माझ्या मोजणीत!

साहेबांचं पत्र आलं. सोमवारी हॉलच्या किल्ल्या द्यायच्या, बाकं येणार. सही मंगळवारी दुसरा करणार, साहेबांसमोर. मला परतीचं तिकीट, सकाळी दहाची गाडी. बाराला गाडीत असले तर कुठे जाईन? साहेबांना काय त्याचं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं.

चार नंबर शहाण्णव मीटरवरून गेली, दोन दिवस गायब होती, तिसऱ्या भोंग्याला ठिपक्यावर. उद्या मी त्याच जागी उभी राहणार. पाववाल्याचा कोपरा मी केसापर्यंत मोजलाय. ती गेली तशी जाईन, आली तशी येईन. मंगळवारी दुपारी बाराला साहेब, तुमचा तो दुसरा सही करणारा आणि बाकंवाले, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रिकाम्या फरशीवर उभी राहीन. मग कुणाला उंदीर म्हणतात ते बघते. आणि तिकडे मावशींचा माणूस, म्हणजे काका भेटले, तर त्यांना घेऊनच येते.

नऊ परत आली नाही, हे मावशींनी आठवण करून दिलं. मी म्हटलं, चार तर आली. आणि चकतीला पाय नव्हते, मला आहेत.

मावशी म्हणाल्या, "सोमवार-मंगळवार मी दारात बसते. त्या ठिपक्यावर कुणाचं पाऊल पडू देत नाही. येऊ दे कोण येतं ते."

जुना पत्र्याचा दरवाजा एकवेळ हलेल, त्या नाही हलायच्या.

२३ फेब्रुवारी, रविवार, पावणेबारा

कोपऱ्यात उभी आहे. ओळंबा बरोबर खुणेवर. खांद्याला पिशवी: टेप, पाणी, खडू, खिळे-हातोडी, वही. पाववाला खिडकीतून बघतोय. त्याला हात केला. मावशी समोर फाटकात. त्यांनी दोन्ही मुठी घट्ट आवळल्यात.

दादाला पत्र टाकलंय. जेवून निघालेय, असंही लिहिलं.

पाच मिनिटं

२३, नंतर

मी आहे. लिहितेय म्हणजे आहे.

सपाट जमीन. भिंती नाहीत. उजेड आहे, सूर्य नाही. पोटऱ्यांपर्यंत धूळ — हॉलमधली सगळी, सगळ्या वर्षांची. आधी जिथे पाय टेकले तिथे खिळा ठोकला.

लांबून लंगडत आलेला एक माणूस समोर बसलाय.

२३, आणखी नंतर

काका. नाव सांगितलं त्यांनी आपलं, मावशींचंही. बाजारातली छत्री कुठल्या रंगाची घ्यायची ठरली होती तेही. भूक लागत नाही म्हणतात, झोपही नाही. रोज दूर फेकले जातात, दिवसभर चालत परत येतात. एकदा दगडात उतरले. उजव्या पायाची बोटं नाहीत.

आधी चार नंबर पडलेली पाहिली, दुसऱ्या दिवशी ती नाहीशी झाली. आकडा घातलेली वस्तू! पलीकडे कुणीतरी मोजतंय, हे कळलं. तेव्हापासून या जागेशी येऊन बसायचे. नऊ पडताना, स्वतः फेकले जायच्या आतच, हात पुढे केला होता —

हात दाखवला. तळव्यात चकती आहे. तळव्यावर नाही, तळव्यात. मांस आणि लोखंड एकजीव. माझ्याच अक्षरातला नऊ कातडीतून दिसतो.

म्हणून ती आली नाही. माझी मोजणी बरोबर होती. बरोबर होती आणि यांचा हात —

माफी मागितली. ते म्हणाले, तू आकडा घातलास म्हणून मला कुणीतरी आहे हे कळलं.

एका जागी दोन गोष्टी उतरल्या की एक होतात. हे लक्षात ठेवायचं.

२४ फेब्रुवारी, सोमवार, घड्याळात साडेअकरा

मी खिळ्यावर, त्यांना हातभर बाजूला उभं केलंय. आज बाराला ते अंतर दोन हात होईल, उद्या घरी चार हात. चार हात म्हणजे हॉलच्या आतच. मग चालायचं फक्त. समजावलं. मान हलवली. दर मिनिटाला विचारतात, ती अजून दारात बसते का?

बसते म्हटलं.

२४, नंतर

इथे काळोख आहे. वहीवर वाकून, घड्याळाच्या काट्याच्या उजेडात. दोन हातांवर त्यांचा श्वास ऐकू येतो. बरोबर आलोय. बरोबर!

खाली काहीतरी ओलं आहे. बघत नाही. खूण केली, हलणार नाही इथून.

त्यांना भीती वाटतेय. अकरा वर्षं अंधारात नव्हते म्हणतात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाराला दहा मिनिटं. आमच्या दोघांशिवाय आणखी श्वास आहेत. मोजले. पाच. मग मोजणं सोडलं.

काका रडतायत. हात धर म्हणतात. नाही म्हटलं, मध्ये अंतर राहिलं नाही तर एकाच जागी उतरू. मावशींचं नाव घेऊन सांगितलं, चार हातांवर उतरलात की दारात त्या आहेत, माझा हात नको, त्यांचा धरा.

चार मिनिटं. बाकीचे श्वास जवळ आलेत. येऊ देत. मी मोजलेल्या जागी उभी आहे आणि मला इथून कुणाचा बाप हलवू शकत नाही. साहेब, मी येतेय. सही करणार नाही. लिहून देणार —

दोन. टेपचं एक टोक काकांना दिलंय, ताठ धरा म्हणून. ताठ आहे. ताठ —

काका, थांबा. तिथेच. मी सांगते तसं —

टेप सैल झा